चष्मेवाल्याने टायर शेकले

"या रविवारी साडूला हरवलं नाही, तर नाव बदलून टाकीन!"

चष्मेवाल्याने ही घोषणा आपल्या दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता केली. गिऱ्हाईक एवढंच म्हणालं, "ते ठीक आहे हो, पण डाव्या कानाला टोचतंय."

ही हरवाहरवी कसली, ते आधी सांगून टाकतो. गावाबाहेर एक मोठं डांबरी मैदान होतं. तिथे नारिंगी शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेकाने गाडी वळवत वळवत झटपट न्यायची. याला म्हणायचं ऑटोक्रॉस. शंकू पडला की दंड म्हणून वेळेत सेकंद वाढवायचे. भाग घेणारे सगळे हौशी. ज्या गाडीतून भाजी आणायची, तीच गाडी शर्यतीला! चष्मेवाल्याचा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, विमा विकायचा आणि दर खेपेला याला हरवायचा. नुसतं हरवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हा गृहस्थ वर खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "ब्रेकराव, प्रयत्न छान होता हं!" प्रत्येक शंकूआधी चष्मेवाला कच्चकन ब्रेक मारायचा, म्हणून ब्रेकराव.

चष्मेवाल्याने पुष्कळ विचार केला आणि सगळा दोष टायरचा आहे, असा निकाल दिला. टायरला तोंड नसल्यामुळे हा निकाल कायम झाला.

टायरवाल्याने त्याच्यापुढे तीन टायर उभे केले. "हे कडक. वर्षानुवर्षं चालतील, पण शंकूंमध्ये घसरतील. हे मऊ, अगदी खोडरबर! तापले की रस्त्याला चिकटतात. पण गार असताना पकड नाही, झिजतात भराभर, आणि रस्ता ओला असला तर गाडी बाहेर काढू नका. आणि हे मधले. दोन्हीकडे बऱ्यापैकी. गाडी एकच आहे ना?"

"एकच."

"घरची मंडळीही त्यातच बसतात?"

"बसतात की."

"मग डोळे मिटून मधले घ्या."

"मधले टायर मधलाच नंबर देणार! मऊ चढवा!"

आता ही गाडी सोमवार ते शनिवार बायकोच्या ताब्यात असायची. ती शाळेत भूगोल शिकवायची. तिचे वडील, म्हणजे चष्मेवाल्याचे सासरे, यांच्याकडेच राहायचे. त्यांची कंबर धरलेली असायची, म्हणून जाता जाता त्यांना व्यायामाच्या दवाखान्यात सोडायचं कामही तिचंच. नव्या टायरवर पहिल्याच दिवशी ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि गाडीखालून आवाज सुरू झाला. तड! तड! तडतडतड!

"बाबा, गाडी मोडतेय बहुतेक!"

"मला वाटलं माझी कंबर वाजतेय," सासरे म्हणाले.

तिने गाडी थेट गॅरेजात घातली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, चाकं काढली, सायलेन्सर हलवून पाहिला, आणि दुपारी निदान केलं, "बाई, खडी आहे. हे टायर रस्त्यातलं सगळं उचलतात. झाडलोटीचं कंत्राट घेतलंय का?"

त्या दिवसापासून सासऱ्यांना उद्योग मिळाला. संध्याकाळी स्टूल टाकून बसायचे आणि स्क्रूड्रायव्हरने टायरमधली खडी टोकरायचे. कधी खिळा निघायचा, कधी बाटलीचं झाकण. एकदा तर शेजारच्या कुत्र्याच्या पट्ट्याचं बक्कल निघालं! म्हातारा खूश होता. बायको मात्र नव्हती.

"हे बघ," ती म्हणाली, "रविवारी या टायरवर भाऊजींना हरवलं, तर टायर राहतील. नाहीतर सोमवारी जुने परत चढवायचे. आणि हे रविवारचं खूळही कायमचं बंद!"

 आठवड्यातले सहा दिवस चष्मेवाला लोकांना एकच प्रश्न विचारायचा, "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" रविवारी मैदानात उभं राहिलं की त्याला कोणाला काही विचारावं लागत नसे. हरला तरी तो दिवस त्याला जिवापाड आवडायचा. तो जाऊन कसं चालेल?

मग त्याने शक्कल काढली. क्लबच्या नियमाप्रमाणे एका गाडीवर दोघे उतरू शकत. आधी उतरणाऱ्याला गार टायर मिळतात, मागून येणाऱ्याला आयते गरम!

"तूही नाव दे ना," तो बायकोला लाडात येऊन म्हणाला. "पहिल्या दोन फेऱ्या तू मार. हळूहळू. फक्त टायर तापवायला. मग मी उतरतो."

"म्हणजे पाणी मी तापवायचं आणि आंघोळ तू करायची?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. पण येते. बाबांनाही जरा बाहेरची हवा मिळेल."

एवढ्यावर थांबला असता तर तो चष्मेवाला कसला! आपण टायर आधीपासूनच थोडे गरम ठेवले तर? घरात शेकायची रबरी पिशवी एकच होती. टायर चार. तो शनिवारी तीन शेजाऱ्यांकडे पिशवी मागायला गेला. कशाला हवी, हे सांगायची लाज वाटली, म्हणून नुसतंच "जरा शेकायचं आहे" म्हणाला. तासाभरात सगळ्या इमारतीत बातमी, की चष्मेवाल्याच्या घरात एकजात सगळ्यांच्या कमरा धरल्यात! वरच्या मजल्यावरच्या काकू मलम घेऊन आल्या. खालचे निवृत्त पोस्टमास्तर आले आणि जमिनीवर उताणे पडून त्यांनी व्यायाम करून दाखवला. त्यांना उठवताना चष्मेवाल्याच्या कमरेत खरोखरच उसण भरली.

रविवारी ऊन कडक होतं. मैदानातलं डांबर भाजून निघत होतं. चारही टायरवर जुन्या चादरी, चादरींत गरम पाण्याच्या पिशव्या, आणि थर्मास घेऊन सासरे पहाऱ्याला!

"काय रे, गाडीची कंबर धरली?" साडू खो खो हसला.

"संध्याकाळी बोलू," चष्मेवाला एका हाताने कंबर धरून म्हणाला.

पलीकडे एका गाडीवर असेच दोघे चालक होते. ते फेरी संपली की टायरवर फवारणीच्या पंपाने गार पाणी मारत होते. चष्मेवाल्याला त्यांची कीव आली. शर्यत चालू असताना गाडी धुतात! काय एकेक लोक असतात!

साडूने आपल्या दोन्ही फेऱ्या मारून झकास वेळ नोंदवली. मग बायको उतरली. पहिली फेरी तिने अंदाज घेत, सावकाश मारली. दुसऱ्या फेरीत मात्र गाडी पाण्यातून मासोळी जावी तशी शंकूंमधून निघून गेली. ना कच्चकन, ना हिसका, एकही शंकू हलला नाही! फळ्यावर वेळ लिहिली गेली. साडूच्या वेळेपेक्षा केसभर कमी!

"अगं, हे कुठे शिकलीस?" चष्मेवाला ओरडला.

"शिकायचं काय त्यात? रोज बाबांना घेऊन जाते. हिसका बसला की ते कळवळतात. हिसका द्यायचा नाही, बस!"

आता चष्मेवाल्याला वाटलं, आपली वेळ तर विक्रमीच होणार. एवढ्या तापलेल्या टायरवर! तेवढ्यात सासऱ्यांनी प्रामाणिकपणे ताज्या गरम पिशव्या पुन्हा गुंडाळल्या. त्यांना कोणी थांबा म्हटलंच नव्हतं.

चष्मेवाला सुटला. पहिल्या वळणावर त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी सरळ गेली. दुसऱ्या वळणावर त्याने ब्रेक मारला, तर गाडी लोण्यावरून घसरावी तशी आडवी झाली! शंकू पडले, शंकू उडाले, एक शंकू गाडीखाली अडकून शेवटच्या रेषेपर्यंत सोबत आला. दुसरी फेरी? दुसऱ्या फेरीत पंच स्वतःच आधी लांब जाऊन उभे राहिले.

"टायर फार तापले की वितळल्यासारखे होतात, पकडच सुटते," पंपवाला सांगायला आला. "म्हणून आम्ही पाणी मारतो. तुम्ही शेकत का होता?"

चष्मेवाला वाकून चादरी गोळा करू लागला. कंबर फार दुखत होती.

सोमवारी सकाळी तो मुकाट्याने जॅक आणि पाना घेऊन खाली गेला. अट म्हणजे अट. पहिला नट सैल करताना त्याला मनापासून वाईट वाटत होतं. इतक्यात बायको आली.

"काय करतोस?"

"टायर उतरवतोय. ठरलं होतं ना."

"काय ठरलं होतं? या टायरवर भाऊजींना हरवायचं. हरवलं की!"

"पण ते तू..."

"कोणी, ते ठरलं नव्हतं. टायर राहतील. रविवारही राहील. बाबासुद्धा विचारत होते, पुढची शर्यत कधी!"

चष्मेवाला एवढा हरखला, की तिथल्या तिथे उडी मारायला गेला आणि "आई गं!" म्हणून खाली बसला. आता टायरच्या या प्रकरणातला घरातला जाणकार आपणच, या समाधानात तो दुकानात आला. दुपारी साडूचा फोन आला. चष्मेवाल्याने घसा साफ केला. मऊ, कडक, मधले, गार, गरम, सगळं जिभेवर तयार होतं.

"बोल!"

"अरे, तिचा नंबर दे. कुठले टायर घ्यावेत, ते विचारायचं होतं."

संध्याकाळी चष्मेवाल्याने घरात पाऊल टाकलं, तेव्हा बायको फोनवर होती. "हो भाऊजी... नाही, नाव नाही बघितलं... काळे आहेत." मग तिने थोडा विचार केला. "चारही काळेच."

पलीकडून साडू म्हणत होता, "एक मिनिट थांब, लिहून घेतो."