ओटीतली शुद्ध

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ऑपरेशनच्या वेळी पेशंटची शुद्ध काढून नातेवाइकाच्या ओटीत सांभाळायला देतात.

माझ्या नणंदेचं, शालनवन्संचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. भूल देणाऱ्या तांबोळी मॅडमनी त्यांना विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का?"

"उपास आहे माझा," वन्सं म्हणाल्या.

थोड्या वेळाने मॅडम बाहेर आल्या आणि वन्संची शुद्ध त्यांनी माझ्या पदरात ठेवली. गिरणीतून नुकत्याच आणलेल्या पिठासारखी ती ऊबदार होती.

"खाली ठेवायची नाही. बोलली तर बोलू द्या," एवढं सांगून त्या आत गेल्या.

ती लगेच बोलली. "वहिनी, पदर नीट धर. तुझ्या हातून दुधाचं पातेलंही निसटतं."

"धरलाय, वन्सं."

"आणि आज चहात आलं जास्त पडलं. अजून घशाशी येतंय."

"चहा? कधी घेतलात?"

"निघताना. चहानं काय उपास मोडतो? एकादशीला नाही का आपण घेत?"

मी उठले, तशी शुद्ध माझ्या ओटीत थरथरली. "सांगू नकोस गं. आज कशीबशी तयार झालेय. पुन्हा मला धीर व्हायचा नाही."

विंचू चपलेने मारणाऱ्या वन्सं कशाला भितात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तरी मी पदर छातीशी धरून दार वाजवलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "दुधाचा होता ना? तो अजून पोटात असेल. भुलीत वर आला तर फुप्फुसात उतरेल."

"पण ठसका लागेल की."

"ठसका लागायलाही शुद्ध लागते, ताई. ती तुमच्याकडे आहे."

अजून चिरलेलं नव्हतं. मॅडमनी शुद्ध परत नेऊन घातली आणि ऑपरेशन दुपारवर ढकललं. जाग्या झालेल्या वन्संनी माझ्याकडे पाठ फिरवली. "चुगलखोर," एवढंच म्हणाल्या. मी तशीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही त्यांनी. मीही घेतला नाही.

दुपारी शुद्ध पुन्हा ओटीत आली. दार किंचित उघडं राहिलं होतं, त्यातून मला आतलं दिसलं. वन्सं ओल्या मातीसारख्या निपचित होत्या. उशाशी तांबोळी मॅडम रबरी फुगा दाबून त्यांचे श्वास घेत होत्या. एक, मग एक. त्यांची नजर वन्संवरून हलत नव्हती. एका बाईचा सगळा श्वास दुसरीच्या मुठीत होता, आणि ती मूठ घाई करत नव्हती.

इकडे माझ्या मांडीवर वन्सं विचारत होत्या, "परसातल्या शेवग्याला शेंगा धरल्या का गं?"

"धरल्यात," मी म्हणाले. टपकन एक थेंब पदरात पडला.

"मग रडतेस कशाला? सुरू झालं की सांग मला. मी डोळे मिटून घेईन."

"सांगेन," मी म्हणाले, आणि शेवग्याबद्दल बोलत राहिले.

ऑपरेशन संपल्यावर मॅडमनी शुद्ध ओंजळीत उचलून नेली. वन्संनी डोळे उघडले, स्वतःला चाचपलं आणि म्हणाल्या, "थोडी कमी वाटतेय."

मॅडमनी माझा पदर निरखून पाहिला. "कण-दोन कण धरणाऱ्याकडे राहतात. चालतं तेवढं."

चालतंय. वन्सं त्यांच्या घरी बऱ्या आहेत. सकाळी त्यांनी चहात आलं किसलं, की माझ्या घशाशी येतं. मग मी फोन करून सांगते, "आज बेतानं घाला."

"घातलं," त्या म्हणतात. "आणि तुझं दूध उतू चाललंय, बघ."

मी वळून पाहते. चाललेलं असतं.