मधेच उत्तर देणारा

"अर्धा तास! फार तर पस्तीस मिनिटं!" मॅडमनी सकाळी दहा वाजता जाहीर केलं. "वीसच्या वीस यंत्रं उभी करून दाखवते, बाबा! तुम्ही नुसते बघत राहा!"

बाबा म्हणजे मॅडमचे सासरे. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर त्यांना घर खायला उठू लागलं, तेव्हा मॅडमनी त्यांना सरळ आपल्या संगणक प्रशिक्षण केंद्रात आणलं आणि बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी बसवलं. मॅडमचा नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घर म्हणा, केंद्र म्हणा, सगळा कारभार या दोघांचाच.

आज दुपारी तीनला तपासनीस यायचे होते. त्यांनी हो म्हटलं तर केंद्राला परीक्षा घ्यायची मान्यता मिळणार होती. नाही म्हटलं तर कुलूपच! विद्यार्थी नऊ उरले होते, आणि त्यातले दोघे नुसते पंख्याखाली बसायला येत होते.

तपासनिसांना चालू स्थितीतली वीस यंत्रं हवी होती. मॅडमकडे होता एकच सर्व्हर, पण पैलवानासारखा दांडगा. त्याच्या पोटात वीस आभासी संगणक तयार करायचे, ते चालू झाल्याबरोबर त्यांनी नेटवर्कवरून आपापली प्रणाली स्वतःच ओढून घ्यायची, आणि मॅडमनी हाताची घडी घालून बघत राहायचं, असा बेत होता.

मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर वीस चौकोन उजळले. वीसही चौकोनांवर एकच ओळ आली: बूट फाइल मिळाली नाही. म्हणजे यंत्राला जागं करणारी फाइलच गायब!

"असं कसं?" मॅडमनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ. वायर काढली, लावली. सर्व्हर बंद केला, चालू केला. त्याला गोंजारलं, मग एक चापटही मारली. अकरा वाजले, बारा वाजले. मॅडम टेबलांखाली रांगून सगळ्या वायरी तपासून आल्या. केसांत जळमटं, हातात कुणाची तरी हरवलेली पेन्सिल!

"बूट मिळत नाहीये, बूट!" त्या आतूनच ओरडल्या. "सकाळपासून शोधतेय!"

बाबा तत्परतेने उठले. दाराबाहेरच्या मांडणीवरची सगळी पादत्राणं त्यांनी खाली काढली, जोड्या लावल्या आणि दारातून डोकं आत घातलं.

"सूनबाई, कुठल्या पायाचा?"

"काय?"

"बूट गं! डावा की उजवा?"

एरवी मॅडम पोट धरून हसल्या असत्या. आज त्यांनी नुसते हात जोडले. "बाबा, प्लीज! आत्ता नको!"

बाबा मुकाट्याने जागेवर जाऊन बसले. फोन वाजला, त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. ती सवय काही सुटली नव्हती.

एक वाजता मॅडमनी शरणागती पत्करली आणि जुन्या मैत्रिणीला फोन लावला. ही मैत्रीण एका मोठ्या कंपनीत आजारी सर्व्हर बरे करायची, म्हणून तिला सगळे डॉक्टर म्हणत. मॅडमनी तिला यंत्रांच्या नोंदींचे फोटो पाठवले, फोन स्पीकरवर टाकला आणि वायरींचा गुंता सोडवायला घेतला.

"सोपं आहे गं!" डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता. "तुझी यंत्रं ओरडतायत, आम्हाला पत्ता द्या, फाइल कुठे आहे ते सांगा! आणि उत्तर द्यायला तुझ्याकडे दोघे बसलेत. एक तुझा सर्व्हर. तो सगळं नीट सांगतो. पण त्याच्या आधीच दुसराच कोणीतरी तोंड घालतो! पत्ता देतो आणि फाइलचं नावच सांगत नाही!"

"दुसरा? दुसरा कोण असणार?"

"शोध! जुनापुराणा असणार. कुठेतरी कोपऱ्यात बसलेला असेल. त्याला कोणी काही विचारलेलं नसतं, तरी हा आपला मधेच उत्तर देतो!"

नेमके त्याच वेळी बाबा चहाचे दोन कप घेऊन दाराशी आले होते. ते तिथेच थांबले.

"असा माझ्या डोळ्यांदेखत बसलाय आणि मला कळलं नाही?" मॅडम टेबलाखालून म्हणाल्या.

"घरातलाच असेल. अशांना कोणी काढत नाही, राहतात पडून."

"आज काढते! सकाळपासून माझं काम अडवून ठेवलंय त्याने! सापडू दे, हाताला धरून बाहेर!"

दाराशी एक कप बशीवर किणकिणला. मॅडमना तो ऐकू आला नाही.

पुढची दहा मिनिटं त्या वर्गातला कोपरान् कोपरा धुंडाळत होत्या. काही सापडलं नाही. शेवटी वैतागून त्यांनी यंत्रांची सर्व्हरसाठी थांबण्याची वेळ तीस सेकंदांवरून साठ केली आणि देवावर भार टाकून बटण दाबलं.

आणि वीसच्या वीस चौकोनांत निळ्या पट्ट्या सरकू लागल्या!

"जमलं!" मॅडमनी जागच्या जागी उडी मारली. "डॉक्टर, मीच जमवलं! दुसरा बिसरा कोणी नव्हता. वेळ कमी पडत होती बिचाऱ्यांना!"

"अशक्य!" डॉक्टर म्हणाली. पण मॅडमनी फोन कधीच ठेवला होता.

तपासनीस अडीचलाच टपकले. हातात जाड फाइल, चेहरा तिच्याहून जाड. मॅडमनी त्यांना हसतमुखाने आत घेतलं, खुर्ची दिली. बाहेर फोन वाजू लागला. एकदा वाजला, दोनदा वाजला. सहाव्या घंटीला मॅडमचं हसू उतरलं.

"एक मिनिट हं, सर."

बाहेरच्या खोलीत टेबल लख्ख रिकामं होतं. चष्म्याची डबी नाही, वर्तमानपत्र नाही, पिशवी नाही. एक कप बशीने झाकलेला आणि त्याखाली चिठ्ठी. अक्षर सरळ रेषेत, जुन्या नोंदवहीतल्यासारखं. 'सूनबाई, तुझ्या कामात अडचण व्हावी असं कधी मनात नव्हतं. हाताला धरायची वेळ येऊ नये म्हणून आपणहून निघालो. चहा गार झाला असल्यास गरम करून घे.'

मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग डॉक्टरचं एकेक वाक्य त्यांच्या कानात पुन्हा वाजलं. कोपऱ्यात बसलेला. जुनापुराणा. मधेच उत्तर देणारा!

"अगं आई गं!" त्या मटकन खाली बसल्या आणि तितक्याच झटक्याने उठल्या. "सर, तुमचं चालू द्या! मी आलेच!"

"पण मॅडम, तपासणी..."

मॅडम जिना उतरूनही गेल्या होत्या. पायात एक आपली चप्पल, एक कुणाची तरी!

बाबा कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मॅडम धापा टाकत समोर उभ्या राहिल्या.

"बाबा, बस नाही आली का?"

"आल्या. तीन आल्या." बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. "कुठे जायचं ते काही ठरेना. घरी जावं तर घर तुझंच."

मॅडमना एकदम रडूच फुटलं. रडत रडतच त्या बाबांच्या शेजारी बसल्या.

"बाबा, ते तुमच्याबद्दल नव्हतं हो! आम्ही मशीनबद्दल बोलत होतो! पत्ता देणारं एखादं जुनं मशीन चुकून जोडलेलं असतं ना, त्याच्याबद्दल! तुम्हाला मी बाहेर काढीन? तुम्ही नसलात तर मी डबा कुणाबरोबर खाऊ?"

बाबांनी पिशवीत हात घातला आणि एक छोटी काळी डबी बाहेर काढली. तिला दोन शिंगांसारख्या अँटेना होत्या.

"हे असलं मशीन का?"

मॅडम बघतच राहिल्या. ते त्यांच्या घरातलं जुनं राउटर होतं, माळ्यावर टाकलेलं.

"हे... हे तुमच्याकडे कसं?"

"आज सकाळी माझ्या टेबलाखाली जोडलं होतं. निघताना काढून घेतलं." बाबा अपराधी आवाजात म्हणाले. "बाहेरच्या खोलीत तुला नेट मिळत नाही. त्याचा जहाजावरून फोन आला की तू जिन्यात जाऊन उभ्या उभ्या बोलतेस. अर्धा अर्धा तास. पाय दुखतात तुझे, मला दिसतं ना. म्हटलं, खुर्चीत बसून बोलशील."

मॅडमना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. बसची वाट बघणाऱ्या एका बाईंनी न विचारताच त्यांच्या हातात रुमाल दिला.

"म्हणजे सकाळपासून पत्ते हा वाटत होता! आणि तुम्ही काढलात म्हणून यंत्रं चालली!"

"हाच तो आगाऊ?" बाबांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. टेलिफोन खात्यातला माणूस हळूहळू जागा झाला. "मग याचं नुसतं उत्तर देणं बंद करता येत नाही का? ऐकायचं आणि पुढे पोचवायचं, एवढंच काम ठेवायचं."

मॅडमनी डोळे पुसले. "येतं की! दोन मिनिटांचं काम आहे. बाबा, हे मला का नाही सुचलं?"

"तू रडत होतीस ना," बाबा म्हणाले.

दोघं परत आली तेव्हा सव्वातीन झाले होते. जिन्यातून खिडकीत डोकावलं, तर वर्गात कोणी नव्हतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. बाबांच्या खुर्चीवर तपासनीस बसले होते, कानाला फोन, समोर वही!

"हो हो, प्रवेश चालू आहेत!" ते फोनमध्ये सांगत होते. "यंत्रं मी स्वतः तपासली. बंद करून पुन्हा चालू केली, पुसून पुन्हा भरली, वीसच्या वीस उत्तम! जरूर या!" फोन ठेवून ते ओशाळले. "थांबतच नव्हता हो वाजायचा. शेवटी मीच उचलायला लागलो. अकरा जणांची नावं लिहून घेतली आहेत."

"अकरा!" मॅडम आणि बाबा एकदमच म्हणाले.

"मान्यतेचा कागद आत ठेवलाय. आणि हो, सगळी नोकरदार माणसं आहेत, म्हणून मी त्यांना सकाळी सहाची वेळ दिली. उद्यापासूनच. चालेल ना?"

कागदाकडे बघत मॅडम "चालेल, चालेल!" म्हणाल्या खऱ्या. पण हे केंद्र उघडल्यापासून त्या एकदाही साडेनऊच्या आत तिथे पोचल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना अकरा नोकरदार, बाबा आणि मॅडम केंद्राच्या बंद दारासमोर ओळीने उभे होते. मॅडमनी पर्स तिसऱ्यांदा जिन्यावर उपडी केली. त्यातून सगळं निघालं, फक्त किल्ली निघाली नाही.

"बाबा," त्या कुजबुजल्या, "तुमच्याकडे..."

"माझी किल्ली मी काल टेबलाच्या खणात ठेवून गेलो होतो," बाबा दाराकडे बोट दाखवत म्हणाले. "आत."