सुधाकरभाऊंची गिटार आणि फिरते सुधाकरभाऊ

सुधाकरभाऊंची गिटार वाजत असते, तेव्हा सुधाकरभाऊ गिटारीजवळ नसतात. ते मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, वरणाच्या बादलीपाशी, मोबाइल हातात धरून उभे असतात. गिटार स्टेजवर खुर्चीला टेकलेली, आणि सूर तर चालू! नवा माणूस आधी घाबरतो, मग मला विचारतो. मी अमरावतीतल्या आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक आणि कीबोर्ड वाजवणारा, म्हणून सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात.

तर ऐका. स्टेजवर गिटारीपाशी एक काळा डबा असतो. गिटारीचा आवाज त्या डब्यातून जातो आणि तिथं त्याचं काय वाट्टेल ते होतं. घुमतो, चिरकतो, जाडा होतो. वाजवलेली ओळ डबा लक्षातही ठेवतो आणि गोल गोल वाजवत बसतो. पूर्वी या प्रत्येक करामतीला पायानं दाबायचं वेगळं पेडल लागायचं. आता सगळी पेडलं त्या डब्यात, आणि डबा चालवायचा मोबाइलवरून. ब्राउझर उघडला की पडद्यावर रंगीत पेडलांची चित्रं येतात. बोटानं वायर ओढायची, बोटानंच बटण फिरवायचं.

सुधाकरभाऊंचं बोट काही थांबत नाही. कार्यक्रमाआधी आवाजाची चाचणी असते. ती आमची कधी संपलीच नाही, कार्यक्रम सुरू होतो म्हणून ती बंद होते. "सुधाकरभाऊ, झालं का?" विचारावं, तर दुरूनच हात वर करून म्हणतात, "थांब न राजा, आत्ता जमते पाय!" ते कधी जमत नाही.

घरची फुलशेती. पहाटे फुलबाजारात झेंडू-शेवंती विकायची आणि संध्याकाळी आमच्यात गिटार, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. बाजारातही डबा सोबत. एकदा मी गौरींसाठी अर्धा किलो झेंडू मागितला. यांनी मोबाइलकडे बघत बघत पिशवी भरली ती भरलीच. घरी आल्यावर बायको म्हणाली, "महालक्ष्म्या आपल्या घरी बसणार आहेत की गावाच्या?"

धारणीला जाताना जीपमध्ये कोणाच्याच फोनला रेंज नव्हती. यांचं मात्र आपलं चाललेलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमाले रेंज हाये का?"

"याले रेंज लागतच नाई बावा! हे पान डब्यातूनच येते. डबाच वायफाय सोडते." आणि डबा मांडीवर घेऊन त्यांनी घाट संपेपर्यंत अख्ख्या जीपला शिकवणी दिली. ड्रायव्हरसुद्धा मागं वळून बघायला लागला, तेव्हा मी ओरडलो.

पण त्या वायफायला पासवर्ड लावा म्हटलं तर ऐकतील तर शपथ! "काहून? आपल्या डब्यात कोन येऊन रायलं?"

आले ना. चांदूर रेल्वेच्या रिसेप्शनमध्ये नवरीचे थोरले मामा आले. हॉलमध्ये रेंज नव्हती, फुकट वायफाय शोधता शोधता मामांना 'सुधाकर गिटार' सापडलं. पडद्यावर रंगीबेरंगी चित्रं बघून त्यांना वाटलं खेळ आहे. इकडे ऐन गाण्यात गिटार विहिरीत पडल्यासारखी घुमायला लागली, मग एकदम डासासारखी. सुधाकरभाऊ गिटार गळ्यात घेऊनच खाली उतरले आणि पंगतीत एकेकाच्या मोबाइलात डोकावत फिरले. मामा सापडले, तेव्हा म्हणतात, "मस्त गेम हाये भाऊ, पन जिंकाचं कसं?"

यावर आम्ही हसलो. वर्षभर हसलोच. पण पुढं पुढं हसू येईना, कारण गिटारीचा आवाज महिन्यामहिन्यानं जाडा होत चालला. आधी भरदार वाटायचा, मग घोगरा, मग नुसती घरघर. आमच्या गायिका रेखाताई फाडकन बोलतात. त्या म्हणाल्या, "माझ्या मागं गिटार वाजून रायली का ट्रॅक्टर?" दोन पार्ट्यांनीही तक्रार केली. लग्नसराई तोंडावर आलेली. मी बडनेऱ्याच्या एका गिटारवाल्याशी बोलूनही ठेवलं.

सुधाकरभाऊंना मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "अकोल्याच्या रिसेप्शनला गिटार साफ वाजली पाहिजे. नाही तर पुढं मी दुसरा माणूस घेतो." एरवी एका शब्दाला दहा शब्द बोलणारा माणूस तेव्हा नुसतं "बरं" म्हणाला. त्यानंही मला राग आला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

अकोल्याला त्यांनी वहिनींना आणलं. कमलवहिनी पूर्वी प्रत्येक कार्यक्रमाला यायच्या, पुढच्या खुर्चीत बसून मान डोलवायच्या. दोन वर्षांमागं त्या मोठ्या दुखण्यातून उठल्या आणि यायच्या बंद झाल्या. "फुलायचं दुकान पाहते," असं सुधाकरभाऊ सांगायचे, आम्हीही पुढं विचारलं नाही.

दुपारी चाचणी सुरू झाली. आणि काय सांगू, पहिल्याच ओळीला गिटार अशी लख्ख वाजली की रेखाताई हसल्या. मी म्हटलं, सुटलो! तेवढ्यात यांनी ती ओळ डब्यात धरून गोल फिरत ठेवली आणि मोबाइल घेऊन खाली उतरले. वहिनींपाशी गेले. आवाज जाडा झाला. मी माइकवरून ओरडलो, "सुधाकरभाऊ, होतं तसं करा!" केलं त्यांनी. क्षणभरानं पुन्हा घरघर. माझं डोकंच सणकलं. कीबोर्ड सोडून तरातरा खाली गेलो.

सुधाकरभाऊ वहिनींच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले होते. बोटानं बटण फिरवायचे, वर बघून भुवया उडवायचे. वहिनी मान हलवून नाही म्हणायच्या. पुन्हा बटण, पुन्हा नाही.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जोरानं बोला भाऊजी, मले आयकू नाई येत!"

सुधाकरभाऊ उठले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दुखन्यात बारीक आवाज गेले तिचे. पाखरं, फोनची घंटी, गिटार, सारं गेलं. जाड आवाज तेवढे रायले. कानाले मशीन लावलं त बोलनं समजते, पन गानं टीनपत्रा वाजल्यावानी वाटते तिले. म्हनून मी गिटारीचा सूर खाली आनतो. जमलं वाटते तं मईन्याभरानं तिचे कान अजून खाली जातात. मंग मीबी जातो."

मीही त्यांच्याशेजारी खाली टेकलो.

"आजच्यानंतर तू काढशीनच मले," ते म्हणाले. "तुयं चुकत नाई प्रकाश. पन स्टेजवरून वाजवलेलं एक डाव तिले आयकू दे. एवढं जमू दे, मंग साफ वाजवतो."

माझे डोळे भरून आले. लाज कसली, भरून आले. मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि म्हटलं, "तुम्ही वर जा. हातानं वाजवा. बटण मी फिरवतो."

ते वर जाऊन वाजवू लागले. मी खाली बसून एकेक बटण उतरवत गेलो आणि दर वेळी वहिनींकडे पाहत गेलो. नाही. नाही. आणखी खाली. ट्रॅक्टरच्याही खाली. आणि मग वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. "आता नका हलवू भाऊजी," त्या ओरडल्या. "आले. ते आयकू आले."

संध्याकाळी नवरदेवाच्या बापानं विचारलं, "गिटार अशी काहून वाजून रायली हो?" मी म्हटलं, "ती अशीच असते." बडनेऱ्याच्या माणसाला मी तिथूनच 'येऊ नका' म्हणून कळवलं. रेखाताईंना सगळं सांगितलं, तर त्या पट्टी उतरवून गायल्या. पाहुण्यांना कळलंही नाही, ते जेवत होते. वहिनी पहिल्या रांगेत मांडीवर ठेका धरून बसल्या होत्या.

परवा तालमीत सुधाकरभाऊंनी मोबाइल काढला आणि आवाज आणखी थोडा खाली नेला. रेखाताईंनी माझ्याकडे पाहिलं, घोटभर पाणी प्यायल्या आणि आपली पट्टी आणखी एक उतरवली.