रघूअण्णाची चालती शेगडी

आमच्या चौलला मार्गशीर्षातसुद्धा माणूस खांद्यावर पंचा टाकल्याशिवाय ओटीवर बसत नाही. कोंबड्या सावलीत उभ्या राहून धापा टाकतात आणि अंडं घालतात तेच मुळी अर्धं उकडलेलं. अशा या गावात एका माणसाने आपल्या मोटारीला हीटर बसवला. पंखा नव्हे, हीटर! आत बसलेल्या माणसाला ऊब देणारं यंत्र! इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य लिहितानाही माझं डोकं तापतं.

त्या माणसाचं नाव रघूअण्णा. सुपारीच्या झाडासारखा उंच, तितकाच बारीक, आणि वाऱ्यावर तितकाच डुलणारा. लढाई संपल्यावर सरकारने लिलावात काढलेली एक लष्करी मोटार त्याने आणली होती आणि चौल ते अलिबाग तो तिच्यातून माणसं नेत असे. मी अलिबागच्या शाळेत मास्तर, म्हणजे माझे प्राण रोज दोनदा त्याच्या हातात. गाडीचा हॉर्न सोडून बाकी सगळं वाजे. ब्रेक विनंतीला मान देऊन लागत. डावं दार काथ्याने बांधलेलं, त्यामुळे त्या बाजूच्या माणसाला उतरायचं तर आधी गाठ सोडवावी लागे. एकदा एक वकील कोर्टासमोर गाठ सोडवत बसले ते त्यांच्या अशिलाला शिक्षा होऊन तो बाहेर आला तरी सुटले नव्हते.

यातल्या एकाही गोष्टीला हात न लावता अण्णाने मनावर काय घेतलं, तर हीटर!

हीटर मुळात गाडीबरोबरच आलेला. कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या शिपायांसाठी केलेली सोय. इंजिनातलं गरम पाणी नळीतून एका जाळीत यायचं आणि जाळीवरून वारा आला की ऊब. ती जाळी ड्रायव्हरच्या पायाशी होती. अण्णाने ती उपटली आणि मागच्या बाकाखाली नेऊन बसवली. नळी झाली लांब. पाणी मागपर्यंत धड पोचेना.

"सपाटीवर इंजिन जोरात असतं, तेव्हा पाणी येतं," अण्णा मला समजावू लागला. "उतारावर इंजिन सुस्तावतं आणि पाणी वाटेतच बसतं. त्याला मागून ढकलणारा वेगळा पंप करायचाय."

"अहो, पण चौल ते अलिबाग रस्त्याला उतार आहे कुठे?"

"मला काय विचारता, मास्तर? पाण्याला विचारा!"

हे त्याचं ठेवणीतलं उत्तर. गाडी का थांबली, पाण्याला विचारा. उशीर का झाला, पाण्याला विचारा. जगातल्या सगळ्या प्रश्नांची जबाबदारी या माणसाने पाण्यावर टाकली होती.

"दत्ताच्या जत्रेच्या आत पंप चालला पाहिजे," तो म्हणाला. "जत्रेच्या दिवशी पाचगणीला निघायचंय. हिला घरी आणायला."

आता ही यमुनावहिनीची गोष्ट साऱ्या चौलला तोंडपाठ होती. दोन वर्षांपूर्वी अण्णाच्या स्क्रू-खिळ्यांना कंटाळून ती रागारागाने पाचगणीला भावाकडे गेली, ती परत आलीच नाही. अण्णाला कोणी डिवचलं तर तो खाली मान घालून म्हणे, "गेली खरी. माझंच चुकलं." त्यामुळे पंपाची बातमी फुटताच देवळाच्या पारावर हसू मावेना. रुसलेल्या बायकोला कोणी लुगडं नेतो, कोणी गजरा नेतो, हा पठ्ठ्या शेगडी नेतोय!

पंपाला मोटर मिळाली लष्करी भंगारातच, मुठीएवढी. आतला फिरता पंखा घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून केला. राहिलं बाहेरचं कवच. त्यासाठी तोंडाला तोंड लावून बरोब्बर बसतील अशी दोन पितळी फुलपात्रं हवी होती. म्हणून हा गृहस्थ घरोघर जाऊन पाणी मागू लागला! आम्ही बापडे दुपारच्या उन्हात तहानलेल्या माणसाला पाणी देतोय, आणि हा घोट घेता घेता काठ वितीने मोजतोय. माझ्या लग्नातलं फुलपात्र त्याच्या झोळीत गेलं. जाब विचारायला गेलो, तर फुलपात्राच्या बुडाला भोक पडलेलं आणि कल्हईवाला त्यात डाग देऊन नळी बसवून मोकळा झालेला!

"तुमचं आणि भटजींचं अगदी जुळलं, मास्तर," अण्णा प्रेमाने म्हणाला. "छत्तीस गुण."

संतापाने मला शब्द सुचेनात, आणि मी व्याकरण शिकवतो!

पण खरा अनर्थ पुढेच होता. पंप फिरे, पण जिथून मोटरचा दांडा आत जाई तिथून पाणी गळे. अण्णा रेवदंड्याच्या कोळीवाड्यात गेला. तिथे होड्यांच्या फटी बुजवतात त्या कापूस आणि राळ ठासून. वरून माशाचं तेल. वर्षानुवर्षं समुद्र आत येत नाही. अण्णाला वाटलं, जे समुद्राला अडवतं ते माझ्या तांब्याभर पाण्याला अडवणार नाही? त्याने पंपाला होडीसारखी राळ भरली, तेल पाजलं आणि सोमवारी सकाळी आम्हा नऊ जणांना गाडीत घालून निघाला.

समुद्र गार असतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. नागाव येईतो इंजिनाचं पाणी चांगलं तापलं, राळ पातळ झाली, आणि बाकाखालून जे काही सुटलं त्याला वास म्हणणं म्हणजे वादळाला झुळूक म्हणणं. कुजक्या मुशी माशाचं तेल, जळकी राळ आणि वाफ! नागावची मांजरं गाडीमागे धावू लागली. मी मोजली, चाळीसच्या वर होती. माझं धोतर बाकाला असं चिकटलं की मी उठलो आणि ते बसूनच राहिलं. मागच्या कोपऱ्यात मासळीची पाटी घेऊन बसलेल्या जनीबायच्या पायावर कढत धार आली.

"अरं मेल्या अण्णा!" ती पाटीसकट उभी राहिली. "बाजारात ताजा म्हावरा न्यायचा हाय मला, उकडलेला न्हाय! थांबीव गाडी!"

"जनीबाय, जरा दम धर, ऊब आली का सांग!"

"ऊब? तुज्या चितेला ठेव ती ऊब!"

त्या दिवशी मी वर्गात राळेचा वास घेऊन शिरलो आणि संध्याकाळी पारावर भाषण ठोकलं. एका माणसाच्या लहरीपायी साऱ्या गावाने भाजून घ्यायचं का? पंप निघेपर्यंत त्या गाडीत पाऊल टाकायचं नाही! टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही टांग्याने जाऊ लागलो. आणि अण्णा? तो रिकामी गाडी घेऊन अलिबागला जाई, रिकामी परत आणी. वाटेत टांग्याला मागे टाकताना हात करून ओरडे, "मास्तर, आज थेंबच गळला!"

शेवटी लाँचवरच्या एका तांडेलाने त्याला चरबीत भिजवलेली सुताची वेणी दांड्याभोवती आवळायला शिकवलं. जत्रेच्या आदल्या दिवशी अण्णा माझ्या दारात हजर.

"मास्तर, गळत नाही. उद्या माझ्याबरोबर चला. तिकडे इंग्रजी कागद वाचायचेत."

मेहुण्याच्या घरी इंग्रजी कागद कसले? सोडचिठ्ठीचे असणार, मला वाटलं. बायको जाणार आणि साक्षीला मी! चांगलं खडसावावं म्हणून तोंड उघडलं, पण त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. दहाही बोटं पोळलेली होती. मी निघालो.

महाड, पोलादपूर, मग आंबेनळी घाट. महाबळेश्वराला मुक्काम करून सकाळी पाचगणीत शिरलो तेव्हा माझे दात वाजत होते. गाडी बाजाराकडे न वळता सुरूच्या झाडांतून वर गेली आणि एका लांबलचक बैठ्या इमारतीशी थांबली. व्हरांड्यात ओळीने खाटा. फाटकावरची पाटी मी वाचली, आणि पुन्हा वाचली. छातीच्या रोग्यांचं, क्षयाचं इस्पितळ होतं ते.

"गावात बोलू नका, मास्तर," अण्णा इंजिनाकडे बघत म्हणाला. "रागावून गेली म्हटलं, तर लोक मला हसतात. हसू देत. पण छाती म्हटलं असतं, तर जन्मात कोणी तिच्या हातचं पाणी प्यायलं नसतं."

मी कागद वाचून दाखवले. ऑपरेशन करून एका बाजूच्या फासळ्या काढल्या होत्या. आता रोग नाही, कोणाला लागण व्हायची भीती नाही. तीनदा वाचून घेतलं त्याने. मग खिशातून तिने पाठवलेलं पोस्टकार्ड काढून मला दाखवलं: "सगळं बरं आहे. फक्त अंगातली थंडी जात नाही."

वहिनी बाहेर आली ती दोन शाली, कानटोपी, पायांत लोकरीचे मोजे घालून. एका खांद्याने खाली झुकलेली. अण्णाने तिला मागच्या बाकावर बसवलं, इंजिनाला गार वारा लागू नये म्हणून पुढे गोणपाट बांधलं आणि निघाला. घाटाच्या उतारावर इंजिन सुस्तावलं. त्याने डॅशखालचा पंपाचा खटका ओढला. बाकाखालून बारीक घरघर ऐकू येऊ लागली. मान थोडी तिरकी करून अण्णा नुसता ती घरघर ऐकत होता.

एक वळण गेलं. चार गेली. मागे कानटोपी निघाली. मग वरची शाल निघाली. दरीत ऊन पोचत नव्हतं, बाहेर झाडं धुक्यात होती.

"अहो," वहिनी म्हणाली, "जरा काच खाली करता का? उकडतंय मला."

अण्णाने गाडी कडेला घेतली. काच खाली केली, दोन बोटं. मग खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि त्याच्याआड उभा राहिला. बराच वेळ.

"काय बिघडलं हो, मास्तर?" वहिनीने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "बसा निवांत. पाणी बघतोय तो."