रासबेरी, पीच, अननस आणि दादा

उन्हाळ्यात प्यायच्या फळांच्या बिअरबद्दल माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मी छाती ठोकून सांगत असे. सांगत असे! आता मी छाती ठोकत नाही, आणि कुणी बाटली उघडली तरी टेबलाखाली जातो. पण त्या दिवसापर्यंत माझा रुबाब काही औरच होता. रासबेरीची आंबटगोड आणि गुलाबी फेसाची. पीचची मऊ, दुपारी सावलीत बसून प्यायची. अननसाची जरा आगाऊ, पण गार असेल तर माणूस तिचे सगळे गुन्हे माफ करतो. मी या विषयावर बोलायला लागलो की कचेरीतले लोक जेवणाचे डबे उचलून दुसऱ्या टेबलावर जात. मला वाटे, भारावून जातात.

म्हणून मी ठरवलं, यंदा बिअर घरीच करायची. आणि पहिली बाटली दादासाठी फोडायची! (फोडायची म्हणजे उघडायची. हे तेव्हाच स्पष्ट करायला हवं होतं.)

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कारखान्यांतले बॉयलर तपासणारा निरीक्षक, आता निवृत्त. पस्तीस वर्षांत त्याच्या देखरेखीखालचा एकही बॉयलर फुटला नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्याच्या घरी भिंतीला एक फळी ठोकून दिली. ती त्याच रात्री त्याला निरोपसमारंभात मिळालेल्या घड्याळासकट खाली आली. दादा म्हणाला, "छोट्या, तुझ्या हातात काहीही देण्यात अर्थ नाही." मला राग आला. मी म्हणालो, "मग माझ्याशी बोलूच नकोस!" दादा आयुष्यभर नियम पाळणारा माणूस. त्याने तोही पाळला.

तीन वर्षं! मी फोन केला की वहिनी उचलायची आणि "ते बागेत आहेत" म्हणायची. दादाचं घर चौथ्या मजल्यावर आहे, त्याला बाग नाही. मला दादाची फार आठवण यायची, हे मी कुणाला सांगितलं नाही. पण दादाला रासबेरीची बिअर जीव की प्राण आहे, हे मला ठाऊक होतं. मी चिठ्ठी पाठवली: "रविवारी अकरा वाजता ये. मी स्वतः केलेली बिअर आहे." उलट टपाली एकच शब्द आला, "येतो."

झालं! मी कामाला लागलो. फळं कुस्करली, मोठ्या पिंपात बिअर आंबवली, तारेच्या कडीची बुचं असलेल्या चोवीस बाटल्या उकळून घेतल्या. आता यातली गोम ऐका. बाटली बंद करताना तिच्यात मोजून एक चमचा साखर घालायची. यीस्ट ती साखर खातं, त्यातून गॅस होतो, आणि बाटली उघडल्यावर फेस येतो. एक चमचा. दीड नाही. पुस्तकात ते ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि मी अगदी काटेकोर एकच चमचा घातला. बाटल्या अडगळीच्या खोलीत ओळीने ठेवल्या आणि समाधानाने आंघोळीला गेलो.

पण आमच्या घराची एक जुनी पद्धत आहे. मी काहीही शिजवलं की माझी पाठ वळताच प्रत्येक जण ते गुपचूप सुधारतो. बायको सुधारते, उन्हाळ्यापुरत्या आलेल्या सासूबाई सुधारतात, मुलगी सुधारते. माझं मन दुखवू नये म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. मी मात्र आपल्या हाताला चव आहे या भ्रमात वीस वर्षं जगलो.

रविवारी अकराला दहा सेकंद कमी असताना दादा दारात उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. केस पार पिकलेले. उकाडा तर असा की भिंतींना घाम फुटावा.

"ये दादा," मी म्हणालो.

दादाने मान हलवली. बोलला नाही. खुर्चीवर ताठ बसला. नियम अजून चालू होता!

मी रासबेरीची बाटली आणली. मनात म्हणालो, देवा रे, एवढी एक लाज राख. अंगठ्याने तार सरकवली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. बूच तारेसकट तोफेसारखं सुटलं आणि दिव्यावर आदळलं. बाटलीतून लाल कारंजं उसळलं, छताला लागलं आणि तिथून सावकाश दादावर उतरलं. दादा हलला नाही. कडक पांढरा शर्ट आता एखाद्या खुनाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालला असता.

"ही एक बिघडलेली होती!" मी ओरडलो. "अननसाची बघ!"

"अहो, नको!" बायको किंचाळली.

मी उघडली. का उघडली, हे मला आजही सांगता येत नाही. दादा दुसऱ्या बाजूने पिवळा झाला.

तेवढ्यात अडगळीच्या खोलीतून आवाज आला. धडाम्! मग काचा. मग पुन्हा धडाम्!

दादा ताडकन उठला. तीन वर्षांनी त्याने माझ्याशी काढलेला पहिला शब्द होता, "साखर?"

"एक चमचा," मी म्हणालो. "देवाशप्पथ एकच!"

बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "भाऊजी, एक मीही घातला. प्रत्येक बाटलीत. जरा जिभेला लावून बघितली तर फारच आंबट! म्हटलं, तुम्ही इतक्या वर्षांनी येणार, यांची फजिती नको."

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "मीही एकेक घातला की! जावईबापूंना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

आम्ही सगळे मुलीकडे वळलो.

"मी शिगोशीग घातला," मुलगी म्हणाली. "बाबांवरच्या प्रेमापोटी!"

धडाम्!

"सगळे बाहेर!" दादा गरजला. "जिन्यात! खिडक्यांपासून लांब! छोट्या, पातेलं आण, जाड हातमोजे आण, ओले टॉवेल आण, आणि मग कशालाही हात लावू नकोस!"

दादाने डोक्यावर पातेलं घातलं, ढालीसारखी गादी धरली आणि तो अडगळीच्या खोलीत शिरला. आम्ही चौघं जिन्यात. शेजारी दारं उघडून बघायला लागले. सासूबाई एकेकाला थांबवून सांगत होत्या, "काही नाही हो, आमच्या जावयांनी सरबत केलंय."

मी पायरीवर बसलो. आतून फुसफुस ऐकू यायची, मग धडाम्, मग बराच वेळ काहीच नाही. तेव्हा माझा जीव कंठाशी यायचा. एका बाटलीवर तीन वर्षांचा अबोला मिटवायला निघालो होतो मी, आणि आता थोरल्या भावाला स्वतःच्या हाताने स्फोटात पाठवून बसलो होतो. वहिनीला काय तोंड दाखवू? बायकोने खांद्यावर हात ठेवला तर मला हुंदकाच आला.

"दादा, राहू दे रे!" मी दारातून ओरडलो. "घर जाऊ दे! तू बाहेर ये!"

"मध्ये बोलू नकोस!" आतून आवाज आला. "पीचवाल्या चालू आहेत!"

पाऊण तासाने दादा बाहेर आला. लाल, पिवळा, केशरी, डोक्यावरच्या पातेल्याला पोचे आलेले. धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. निवृत्तीनंतर तीन वर्षं या माणसाला कुणी काही तपासायलाच दिलं नसावं! आणि तो बोलत होता. धबधब्यासारखा बोलत होता. दाब किती, काच किती जाडीची, बुचं कशी असायला हवीत, मी किती गाढव आहे. मी ऐकत राहिलो. मला ते सगळं गोड लागत होतं.

"कागद आण," दादा म्हणाला. "अहवाल लिहितो."

टेबलाची एक कोरडी कड शोधून त्याने पानभर लिहिलं, खाली झोकदार सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "वाचून मान्य म्हणून सही कर. मग जेवायला बसू."

जेवायला बसू! दादा माझ्या घरी जेवणार! डोळे भरल्यामुळे मला अक्षर दिसेना. मी न वाचताच सही केली. मुलीने कागद उचलला आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचला.

"अ. सदर इसमाच्या हातात काहीही देण्यात अर्थ नाही. ब. सबब यापुढे सदर इसमाने बिअर केल्यास ती निरीक्षकांच्या समक्षच करावी. त्यासाठी निरीक्षक दर रविवारी अकरा वाजता जातीने हजर राहतील."

"दादा..." मी म्हणालो.

"क राहिलंय," दादा म्हणाला.

"क," मुलीने वाचलं. "घराच्या सर्व भिंती व छत पूर्ववत होईपर्यंत बिअर करण्यास मनाई आहे."

आज चौथा रविवार. मी स्टुलावर उभा राहून हे मनातल्या मनात जुळवतोय, कारण हातात फडकं आहे. रासबेरी चुन्यातून निघत नाही. घासली की पसरते. खाली दादा आरामखुर्चीत बसलाय, हातात दुकानातून आणलेली पीचची गार बिअर आहे, आणि दर दोन मिनिटांनी बोट वर करून सांगतोय, "छोट्या, तिकडे राहिलंय."