राजेनाईकांची पोथी

वंशावळी लिहून ठेवणाऱ्या हेळव्याच्या पोथीत उत्तरेश्वरच्या नावाखाली एकच नाव होतं आणि त्या नावावर रेघ होती. रेघ डावीकडं जाड, पुढं बारीक होत गेलेली; शेवटचं अक्षर तिच्या तावडीतून सुटलेलं. भिवराबाईला वाचता येत नव्हतं. पण आठ वर्षांत हेळवी तीनदा आला, आणि तिन्ही वेळा चहा देताना तिनं वाकून ती रेघ पाहिली होती.

नाव बबिताचं, उत्तरेश्वर आणि भिवराबाईच्या एकुलत्या लेकीचं. तिनं ऊसतोड करणाऱ्या सोमनाथशी लग्न केलं आणि परळीला गेली. वंशावळ लिहायला हेळवी आला, तेव्हा उत्तरेश्वरनं त्याच्या हातून पेन घेऊन स्वतः रेघ मारली. लेक गेली, खपली, असं गावात सांगितलं. भिवराबाईनं नातवाला फक्त मोबाइलच्या काचेत पाहिलं होतं. तो आता सात वर्षांचा होता आणि दर गुरुवारी, तिनं बाजारातून फोन लावला की विचारायचा, "आजे, तू कवा येती?" ती म्हणायची, पुढच्या बाजाराला.

उत्तरेश्वरचं म्हणणं एकच. आपण राजेनाईक! पदवी थेट राजघराण्यातून आलेली, पूर्वजानं लढाईत तलवार गाजवून मिळवलेली. हे तो चाळीस मेंढरं हाकतानाही सांगायचा. हॉटेलवर बसलेला तानाजी मग विचारायचा, "राजे, आज फौज कुणीकडं निघाली?"

या खेपेला हेळवी शिवशंकर म्हणाला, की आपल्या चुलत्याकडच्या जुन्या पोथीत राजेनाईकांचं मूळ पान सापडलंय, राजघराण्याशी नातं खरं आहे. कसलं नातं, ते ऐकायला उत्तरेश्वर थांबलाच नाही. ते पान साऱ्या गावासमोर पारावर वाचायचं ठरवून तो केजला गेला.

केजहून तो टेम्पोभर वैभव घेऊन आला. फ्लेक्स आला. पूर्वजाचं चित्र कुठं मिळेना, म्हणून दुकानदारानं घोड्यावरच्या कुण्या योद्ध्याच्या धडावर उत्तरेश्वरच्या आधार कार्डावरचा फोटो बसवला होता. त्यामुळं पूर्वज ऐन लढाईत अंगठ्याचा ठसा द्यायला उभा असल्यासारखा दिसत होता. वेल्डिंगवाल्यानं ट्रकच्या पाट्याची तलवार करून दिली, ती दोन्ही हातांनीच उचलायची. वरातीचा घोडा आला. हलगी वाजली की नाचायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. पारावर हलगी वाजताच तो असा नाचला, की उत्तरेश्वरचा फेटा डोळ्यांवर आला आणि गावानं शिट्ट्या मारल्या. माइकही आणला होता. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. कर्णा त्यानं तानाजीच्या दाराकडंच तोंड करून बांधला होता.

शिवशंकरनं पोथीला हळदकुंकू वाहिलं आणि आधीच सांगून ठेवलं, की पान उघडलं की वंश पुरता वाचायचा, मधे थांबायचं नाही. उत्तरेश्वर म्हणाला, "थांबवतंय कोण?"

मग कर्ण्यातून सगळ्या गावानं ऐकलं. राजाची एक लेक होती, गिरजाऊ. ती एका मेंढपाळाबरोबर निघून गेली. राजानं ती जिवंत असतानाच तिचं तेरावं घातलं.

उत्तरेश्वरनं हात वर केला. "हेळवी, ते ऱ्हाऊ द्या. लढाईचं वाचा."

"लढाई न्हाई, मालक," शिवशंकर माइकमधूनच म्हणाला. "लिवलंय ते वाचतो."

बारा वर्षांनी राजाला राहवलं नाही. तो लेकीच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर, तिला शोधत आला. गिरजाऊ चार महिन्यांपूर्वीच वारली होती. राजा तिच्या चुलीपाशी दिवसभर बसला. उठताना त्यानं तिच्या पोराला जवळ घेतलं आणि राजेनाईक ही पदवी दिली. द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं.

तानाजी पुढं येऊन पाराशी उभा राहिला.

शिवशंकर एकेक पिढी उतरत खाली आला. उत्तरेश्वरचं नाव आलं. मग तो थांबला. रेघ मारलेलं नाव यजमानाला विचारल्याशिवाय वाचायचं नाही, अशी त्यांची रीत.

"मालक, खाली काय वाचू?"

उत्तरेश्वर तलवार धरून उभा होता. ती टेकवायला त्याला जागा सापडत नव्हती.

बायांच्या घोळक्यातून भिवराबाई उठली. आठ वर्षं ती कुणाच्या परवानगीची वाट पाहत होती, ते तिला त्या घटकेला आठवेना. तिनं पोथीतल्या त्या रेघेवर बोट ठेवलं. माइक समोरच होता, हे तिच्या ध्यानात नव्हतं. त्यामुळं तिचा आवाज तानाजीच्या दारापर्यंत गेला आणि वळून परत आला.

"बबिता वाचा. जावयाचं आन नातवाचं नाव खाली लिवा. ती चुलीपाशी जिती हाय तंवर मी जाते. उद्याच्या पैल्या एष्टीनं परळीला जाते."