करंड्यासारखी घासलेली निगेटिव्ह

बायकोच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा म्हणून श्यामरावांनी लग्नाचा अल्बम काढला, आणि त्या दिवशी कळलं की अल्बमात वाळवीनं संसार थाटलाय. पान उलटायला गेले तर हातात भुगा आला.

मागाहून काढलेले रंगीत फोटो ढीगभर होते. पण त्या सगळ्यांत शारदाबाई कुणाला तरी वाढत होत्या; दिसायचा तो अंबाडा आणि वरणाची पळी. समोर बघून हसल्या होत्या त्या एकाच फोटोत, लग्नाच्या, आणि त्याही नवरदेवाचा कोट पाहून. कोट मेव्हण्याचा होता आणि मेव्हणा पहिलवान होता.

"निगेटिव्ह आहे ना," श्यामराव सुनेला म्हणाले. "रेल्वेच्या सिग्नल खात्यात जिंदगी काढली मी. एका स्कॅनरच्या मशीनले भ्यायचं काय?"

"बाबूजी, भैय्यालाल भैया से करवा लीजिए ना." अनुश्रीला मराठी सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत येई.

"मशीन त्याची, हात माझे."

भैय्यालालचा रायपुरात तेलीबांध्याला फोटो स्टुडिओ. त्यानं घरी येऊन स्कॅनर लावून दिला. ही मशीन फिल्मवर आधी साधा उजेड टाकते, मग डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड. रंगीत फिल्ममधून हा दुसरा उजेड आरपार जातो. धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात. जिथं अडला तिथं धूळ, असं धरून मशीन तेवढी जागा आजूबाजूच्या रंगानं भरून टाकते.

श्यामरावांनी आधी मुलाच्या मुंजीची रंगीत निगेटिव्ह लावली. उरल्याच्या कारखान्यांतून उडत येऊन वर्षानुवर्षं साचलेली धूळ गेली आणि खालून अनिमेषचा गोटा चकाचक निघाला.

"पाहून राहिली न?" ते म्हणाले. "आता तुझ्या सासूले काढतो."

लग्नाची निगेटिव्ह काळी-पांढरी. कोट उमटला, बटणांसकट. कोटाशेजारी मात्र उन्हात विसरलेल्या लोण्यासारखं काहीतरी पसरलं होतं. त्याला नथ नव्हती, डोळे नव्हते.

"मम्मीजी कहाँ गईं?"

"धूळ बसली असंन."

पुसून पुन्हा लावली. पुन्हा लोणी. त्यांनी भैय्यालालला फोन लावला. तो कुठल्याशा वरातीत शूटिंग करत होता.

"चाचाजी, ब्लॅक अँड व्हाइट में चांदी रहती है," तो बँडवर आवाज चढवून म्हणाला. "उसी से मशीन को धोखा होता है. आप बस वो..." पुढचं बँडनं गिळलं.

श्यामरावांना तेवढं पुरलं. देवाची चांदी काळी पडली की शारदाबाई काय करत, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. निगेटिव्ह तर काळी ठिक्कर! त्यांनी पांढरं दंतमंजन आणि कापूस घेतला.

"बाबूजी, ये क्या घिस रहे हैं?"

"चांदी."

"फोटो पे?"

"फोटोतच असते. काहून, पटत नाही तुले?"

"एक बार पूछ तो लेते."

"तुझी सासू करंडा घासायच्या आधी कोणाले विचारत होती?"

त्यांनी करंड्यासारखंच घासलं, गोल गोल, मनापासून. धुतलं, टिपलं, लावलं. आता कोटही गेला.

संध्याकाळी भैय्यालाल आला. सगळं ऐकून तो आधी खुर्चीत बसला.

"उसी चांदी से तो फोटो बनी है, चाचाजी. इन्फ्रारेड उसके पार नहीं जाता. मशीन ने चाची को ही धूल समझ लिया." त्यानं स्क्रीनवर धूळ-ओरखडे काढायच्या पर्यायापुढची खूण काढली. "बस ये टिक हटाना था."

शारदाबाई आल्या. नथ, मुंडावळ्या, सगळ्यासकट. आणि चेहऱ्यावर, कोणीतरी जिलेबी पाडावी तसे, गोल गोल ओरखडे. अनुश्रीनं पदर तोंडाला लावला. हसायला की रडायला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आता लाव ना ते टिक परत," श्यामराव म्हणाले. "ओरखडे काढते म्हणे."

"लगाऊंगा तो चाची फिर जाएँगी. ये हाथ से निकलेगा, माउस से, एक-एक करके. मेरे पास छोड़ दीजिए."

"घासलं मी, काढीन मी. दाखव कसं करतात ते."

शेजारची चांगली जागा उचलायची आणि ओरखड्यावर बसवायची. श्यामराव रोज सकाळी चहा झाला की बसतात. नवा रायपुरच्या ऑफिसातून घरी आलेला अनिमेष एकदा म्हणाला, "पापा, तब तक आधार वाली फोटो लगा दें?"

"त्यात ती माझ्यावर चिडून आहे," श्यामराव म्हणाले आणि पुन्हा चष्मा लावला.

वर्षश्राद्ध फोटोशिवाय झालं. कपाळ झालं आहे, गाल झाले आहेत. डोळे राहिले आहेत.